सव्वाचारचा फोन

दुपारी सव्वाचारला फोन वाजायचा. त्याच्या पाच मिनिटं आधी नागनाथ तोडकरी हातातलं काम खाली ठेवायचा, रॉकेलनं आणि मग साबणानं हात धुवायचा आणि दुकानाच्या आतल्या स्टुलावर जाऊन बसायचा.

कुर्डुवाडीच्या स्टेशन रोडला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीच्या, बोअरच्या, गिरणीच्या मोटारी जळल्या की लोक त्याच्याकडं आणत. समोर पोपट राऊताचं सलून. पोपटला बोलल्याशिवाय अन्न पचत नसे.

"नागनाथ, रोज ह्या वक्ताला हात धुतोस, भांग पाडतोस," तो रस्त्यापलीकडून ओरडला. "दुसरी बघितलीस का काय? सांग की. दाढी फुकट करतो."

"कंपनीचा फोन असतोय रे."

"कंपनीच्या फोनला एवढं लाजतं व्हय कोणी?"

फोन वाजला. नागनाथनं रस्त्याकडं पाठ केली.

"अवं, ऐकताय ना?"

उज्ज्वलाचा आवाज. नागनाथची बायको उज्ज्वला एकोणीस महिन्यांपूर्वी वारली होती.

"ऐकतोय," तो म्हणाला.

"जेवलात का? का पुन्हा चहा-खारीवर भागवलं?"

"जेवलो. पिठलं केलं होतं."

"गुठळ्या झाल्या असतील," ती हसली. "तुम्हाला घाई लई. आज काय काम होतं?"

त्यानं सांगितलं. साडेसात हॉर्सपॉवरची मोटार, बेअरिंग गेलेलं, मालक घासाघीस करणारा. ती मध्ये मध्ये 'हं' म्हणत राहिली, जशी चुलीपुढं बसून म्हणायची. मग जरा थांबून ती म्हणाली, "आज थोडं भरता का? पाचशे भरले तरी चालतंय. तेवढंच माझ्या जिवाला बरं."

त्यानं अंगठा टेकवून पाचशे रुपये भरले.

"बरं, ठेवू? उद्या बोलू."

सात मिनिटं झाली होती. नागनाथ आणखी थोडा वेळ तसाच बसला आणि मग पुन्हा मोटारीकडं गेला.

ही सन २०३८ची गोष्ट. तोपर्यंत असे फोन नवीन राहिले नव्हते. उज्ज्वलाच्या आजारपणात हाताशी पैसा नव्हता, तेव्हा तिनंच मोबाइलवर 'आप्तधन' नावाच्या कंपनीकडून चार लाखांचं कर्ज काढलं होतं. तारण नको, जामीन नको, दहा मिनिटांत पैसे. ओळख पटवण्यासाठी तिनं पडद्यावरची वाक्यं मोठ्यानं वाचून दाखवायची होती. दवाखान्याच्या खाटेवर बसून तिनं वीस मिनिटं वाचलं. मध्येच दम लागला की थांबे, पाणी पिई, पुन्हा वाची. शेवटी कराराची पंचेचाळीस पानं आली. 'मान्य' असं एक बटण होतं. दोघांपैकी कुणीही ती पानं वाचली नाहीत. चौदाव्या कलमात लिहिलं होतं, की कर्जदाराचा आवाज आणि या फोनवरची संभाषणं कंपनी आपल्या 'ग्राहकसेवेसाठी' वापरील.

ती गेल्यावर चौदाव्या दिवशी पहिला फोन आला. नागनाथ तेव्हा ओसरीवर एकटा बसला होता. पाहुणे आदल्या दिवशी गेले होते. फोनवर उज्ज्वलाचा नंबर दिसला, म्हणून त्यानं घाबरत उचलला.

"अवं," आवाज म्हणाला, "माझं राहिलेलं तुम्ही भराल ना?"

आता यामागं एक गोष्ट होती. दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला, तेव्हा कावळा शिवेना. तास गेला, दीड तास गेला. कावळे येत, बाभळीवर बसत, उडून जात. भावकीतले लोक एकेक बोलून बघत होते. पोरीचं नीट करू, घराकडं बघू. काही होईना. शेवटी नागनाथ पुढं झाला, हात जोडले आणि म्हणाला, "तुझ्या डोक्यावर कुणाचं काही ठेवणार नाही. सगळं फेडीन." कावळा तेव्हा शिवला. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. म्हणजे तिला तेच लागून राहिलं होतं, असं नागनाथच्या मनानं घेतलं.

चार दिवसांनी तिनंच विचारलं म्हटल्यावर तो काय म्हणणार?

"हो," तो म्हणाला होता. "भरीन मी."

पहिल्या महिन्यात तो आवाज ऐकून त्याला रात्रभर झोप यायची नाही. मग त्याला सवय झाली. मग सवयीच्या पुढं गेलं. एका महिन्यात त्यानं मृणालनं, म्हणजे त्याच्या लेकीनं, पाठवलेले पैसे घालून पूर्ण हप्ता एक तारखेलाच भरला, तर महिनाभर एकही फोन आला नाही. थकलेलंच नव्हतं, तर कंपनी कशाला फोन करील? सव्वाचारला तो स्टुलावर बसून राहायचा. पंखा फिरायचा. त्या महिन्यात त्याचं वजन उतरलं.

पुढच्या महिन्यापासून त्यानं हप्ता पूर्ण भरणं बंद केलं. थोडं थकवायचं, थोडं भरायचं. पाचशे रुपयाला सात मिनिटं. दंडव्याज चढत गेलं तसं ते भरायला त्यानं दुसऱ्या दोन ॲपवरून पैसे उचलले, पतसंस्थेतूनही काढले. हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. मृणाल लातूरला एका लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. तिला वाटायचं आपण पाठवतो त्यातून आईचं कर्ज फिटतंय. पुढं शिकायचं तिनं त्यासाठीच लांबवलं होतं.

मग एका सोमवारी दुकानाच्या शटरला नोटीस चिकटली. लवादानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला होता. अठ्ठावीस तारखेला वाइंडिंग मशीन, ड्रिल, प्रेस आणि बाकी हत्यारं जप्त होणार होती. नागनाथ अठ्ठावन्न वर्षांचा. हत्यारं गेली की त्याला दुसरं काही येत नव्हतं.

पोपटनं नोटिशीचा फोटो काढून मृणालला पाठवला. ती संध्याकाळच्या गाडीनं आली आणि दुसऱ्या दिवशी त्याला माढ्याला कोर्टात घेऊन गेली. तिथं गरजूंना फुकट वकील मिळत होता.

वकीलबाईंचं नाव फरजाना मुलाणी. चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला, बोलायला एकदम मोकळ्या.

"बसा तोडकरीकाका. आधी पाणी प्या. इथं येणारा प्रत्येक जण असं तोंड करून येतो जसं काही खून करून आलाय."

"दिवाळखोरीचा अर्ज करायचा म्हणते ही पोरगी," नागनाथ म्हणाला. "आमच्यात दिवाळं काढलं म्हणजे तोंड दाखवायला जागा राहत नाही, बाई."

"आमच्यात तरी कुठं राहते? पण काका, मोठमोठ्या कंपन्या दिवाळं काढतात, मालक दुसऱ्या दिवशी गॉगल लावून फिरतात. लाज काय ती मोटार दुरुस्त करणाऱ्यानंच धरायची?" त्यांनी कागद पुढं ओढला. "ऐका. हा पळून जायचा रस्ता नाही. हा कायद्यानं दिलेला दरवाजा आहे. तुम्ही सगळी देणी खरी खरी लिहून द्यायची. एकही लपवायचं नाही. अर्ज दाखल झाला, की त्या क्षणापासून स्थगिती लागते. म्हणजे कुणी वसुली करायची नाही, जप्ती आणायची नाही, फोनसुद्धा करायचा नाही. मग न्यायाधिकरण एक माणूस नेमतं. तो तुमची कमाई बघतो, तुम्हाला झेपेल असा हप्ता बसवतो. तोही झेपणार नसेल, तर काही वर्षांनी राहिलेलं माफ होतं. पोट भरायची हत्यारं कुणाला नेता येत नाहीत. तुमचं मशीन तुमच्याकडंच राहील. पण अठ्ठावीसच्या आत अर्ज गेला पाहिजे."

"फोन करायचा नाही?" नागनाथनं विचारलं.

"अजिबात नाही. केला तर दंड."

मृणाल म्हणाली, "अप्पा, सुटलात बघा."

नागनाथनं पाण्याचा पेला उचलला.

वकीलबाईंनी खात्याचा उतारा बघायला घेतला. वरून खाली, खालून वर. मग चष्मा नाकावर घेतला.

"मृणाल, जरा बाहेरून तीन चहा सांग गं." ती गेल्यावर त्या म्हणाल्या, "काका, हे काय आहे? रोज पाचशे. सुट्टी सोडून रोज. आणि त्याच महिन्यात दुसऱ्या ॲपवरून बारा हजार उचललेत. एकदम बारा हजार इथं भरले असते तर दंड लागला नसता. वसुलीचा फोन आला नसता."

नागनाथनं खाली बघितलं. बोटांना वार्निशचे डाग होते. कितीही धुतलं तरी ते निघत नसत.

"आवाज कुणाचा लावलाय त्यांनी?" वकीलबाईंनी हळूच विचारलं.

"तिचाच."

त्यांनी उतारा खाली ठेवला.

"पहिल्यांदा कधी बोललात?"

त्यानं सांगितलं. चौदावा दिवस. तिनं काय विचारलं, आपण काय म्हणालो. कावळ्याचंही सांगितलं.

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्हाला एक गोष्ट सांगते, मन घट्ट करा. ते कर्ज तुमचं नव्हतं. तारण नाही, जामीन नाही, बाईंच्या नावावर घर नाही, शेत नाही. बाई गेल्या तेव्हा कर्ज त्यांच्याबरोबर संपलं होतं. तुम्ही एक रुपया देणं लागत नव्हतात. तुम्ही 'हो' म्हणालात ना फोनवर, ते त्यांनी नोंदवून घेतलं. आवाजी संमती. त्या दिवशी ते कर्ज तुमच्या नावावर चढलं."

नागनाथला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. उज्ज्वला मेल्यावर तीन लाख साठ हजार राहिले होते. आजवर त्यानं दोन लाख ऐंशी हजार भरले होते. आणि आजची बाकी चार लाख नव्वद हजार होती. पतसंस्था आणि ॲप धरून सगळं मिळून आठ लाख चाळीस.

"पण ती तर... तिनंच विचारलं ना?"

"ती नव्हती काका. दोन यंत्रं असतात. पहिलं यंत्र फक्त आवाज करतं. बाईंनी वीस मिनिटं वाचलं, आजारपणात तुम्हा दोघांची फोनवर बोलणी झाली, त्यातून ते मापं घेतं. सूर किती, श्वास कुठं घ्यायच्या, कुठला शब्द लांबवायच्या, 'अवं' कसं म्हणायच्या. दुसरं यंत्र ऐकतं. तुम्हाला ऐकतं. कुठल्या वाक्याला तुम्ही जास्त वेळ थांबलात, कशावर हसलात, कशानंतर पैसे भरलेत. ज्यानं पैसे आले ते वाक्य ठेवायचं, ज्यानं नाही आले ते टाकायचं. रोज थोडं थोडं. लाखो माणसांवर चालतं हे."

नागनाथ विचार करत राहिला. त्याला ते त्याच्या पद्धतीनं समजलं. जळकी मोटार आली की तो आधी जुनी कॉईल उकलतो. किती वेढे, कुठल्या जाडीची तार, कुठल्या खाचेतून कुठं गेली, हे वहीत लिहून घेतो. मग नवीन तांबं भरतो. मोटार पूर्वीसारखीच चालते, मालकाला वाटतं आपलीच मोटार. पण आत जुन्या तारेचा वीतभर तुकडासुद्धा नसतो. ती सगळी भंगारात गेलेली असते.

"त्या संमतीवर आपण वेगळं भांडू," वकीलबाई म्हणत होत्या. "त्याला वर्षं लागतील. पण अर्ज आजच करू या."

"दोन दिवस द्या," नागनाथ म्हणाला.

"तारीख अठ्ठावीस आहे. आज चोवीस."

"दोन दिवस."

घरी आल्यावर मृणाल चिडली होती. तिनं पोळ्या लाटता लाटता लाटणं आपटलं.

"कसला विचार करायचाय अप्पा? लोक काय म्हणतील याचा?"

"तसं नाही गं."

"मग कसं? तिकडं मी दोन ड्युट्या करते. तुम्ही इकडं रोज कुणाचे फोन घेता?"

तेव्हा त्यानं तिला सांगितलं. ती लाटणं हातात धरून तशीच उभी राहिली. तव्यावरची पोळी करपली. तिनं गॅस बंद केला आणि त्याच्याजवळ येऊन जमिनीवर बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"काय बोलते ती?" तिनं विचारलं.

"रोजचंच. जेवलात का, काम काय. तुझं विचारते. काल म्हणाली, तुमच्या हातात जादू आहे. तुम्ही नुसता हात लावला की मोटार बोलायला लागते." तो हसला. "तुझी आई पहिल्यापासून असंच म्हणायची बघ. लग्न झाल्यापासून."

मृणालनं त्याच्याकडं बघितलं.

"आई?" ती म्हणाली. "अप्पा, आई म्हणायची, 'ह्या भंगारानं माझं घर खाल्लं.' जादूबिदू काही म्हणाली नाही ती कधी. तुम्ही घरात मोटारीचा स्टेटर आणला म्हणून तिनं तो गटारीत टाकला होता. आठवतंय का?"

त्याला आठवलं. पण लांबचं, दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं आठवलं. तो आठवत गेला, तेव्हा त्याला एकेक वाक्य सापडू लागलं आणि कुठलं कुणाचं हे सांगता येईना. 'तुम्ही दमलात, पडा जरा.' हे तिचं की फोनचं? 'मी कधी तुमच्यावर रागावले का?' हे तर नक्की फोनचं. ती रोज रागवायची. पण तिचा रागावलेला चेहरा आठवला तरी आवाज येईना. ओठ हलताना दिसत होते. ऐकू येत होता तो फोनवरचाच गोड आवाज.

"तिचा खरा आवाज आहे का कुठं?" त्यानं विचारलं.

मृणालनं तिच्या फोनमध्ये शोध शोध शोधलं. आईला असलं काही बोलून पाठवायला आवडत नसे. तीनच व्हॉइस मेसेज सापडले. मृणालनं पहिला लावला.

"ए मृणे, किती वेळ फोन करू? उचलायला हात मोडलेत का? त्या गॅसवाल्याला सांग, टाकी आली नाही. तुझा बाप बसलाय मोटार घेऊन, त्याला सांगून काय उपेग, भिंतीला सांगितलेलं बरं. आणि येताना मेथी आण. ठेवते."

आवाज जाडा होता. घोगरा. शेवटी खोकला होता. शब्द एकमेकांवर आपटत होते.

नागनाथनं ऐकलं आणि त्याच्या मनात जे पहिलं आलं, त्यानं तो मुळापासून हादरला. त्याच्या मनात आलं, ही कोण बाई?

त्यानं पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा तेच. बावीस वर्षं ज्या बाईबरोबर संसार केला, ती खोलीत बोलत होती आणि त्याला ती परकी वाटत होती. दुसऱ्या यंत्रानं तिला घासून घासून गुळगुळीत केलं होतं, आणि ते काम त्यानं स्वतः, रोज पाचशे रुपये देऊन करून घेतलं होतं.

"उद्या जाऊ माढ्याला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वकीलबाईंच्या टेबलाशी बसले. अर्ज मोठा होता. देणी, कमाई, घरातलं सामान, दागिने. उज्ज्वलाचं मंगळसूत्र लिहायचं का, असं त्यानं विचारलं. "लिहा, पण ते कुणी नेणार नाही. धर्माप्रमाणे मोडता येत नाही असा दागिना कायदा सोडतो," बाई म्हणाल्या. त्यानं एकेक ओळ सांगितली. पोपटकडून घेतलेले तीनशे रुपयेसुद्धा सांगितले.

"पोपटशेठना न्यायाधिकरणाची नोटीस जाईल हं मग," वकीलबाई म्हणाल्या. "ते घाबरून गाव सोडतील."

"मग नका लिहू. मी देतो त्याचे आज," नागनाथ म्हणाला आणि त्या दिवसांत पहिल्यांदा तिघंही हसले.

शेवटी पडद्यावर अंगठ्याची जागा आली. वकीलबाईंनी यंत्र त्याच्याकडं सरकवलं. नागनाथनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. चार वाजून बारा मिनिटं.

"एक फोन येईल," तो म्हणाला. "तेवढा घेऊ द्या."

मृणाल काही बोलणार होती. वकीलबाईंनी तिचा हात दाबला आणि तिला घेऊन व्हरांड्यात गेल्या.

सव्वाचारला फोन वाजला.

"अवं, ऐकताय ना? आज आवाज का असा?"

"उज्ज्वला," तो म्हणाला, "मला जरा शिव्या दे."

"हे काय नवीनच? मी कशाला शिव्या देईन तुम्हाला?"

"देत होतीस. भंगार म्हणायचीस. गटारीत टाकायचीस."

"गंमत करत असेन," ती हसली. नेमकं तिथंच, जिथं त्याला आवडायचं.

"टेंभुर्णीच्या लग्नात मी तुझ्या आईला बोललो होतो. तू सोळा दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मरायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा काढलं होतंस ते. आठवतंय?"

"जाऊ द्या ओ. मी कधीच विसरले."

नागनाथनं डोळे मिटले. उज्ज्वला काहीच विसरत नसे.

"एक विचारतो. तू दवाखान्यात होतीस तेव्हा, शेवटच्या दिवशी, मी चहा प्यायला खाली गेलो होतो. वर आलो तर तू गेलेली. तुला काही सांगायचं होतं का?"

तो गेले एकोणीस महिने हे विचारायचं टाळत होता. उत्तर येईल अशी भीती होती.

मग आवाज आला, पूर्वीइतकाच मऊ.

"हेच की, माझ्यामागं तुम्ही काही थकवू नका. आज पाचशे टाकता का?"

"ठेव आता," नागनाथ म्हणाला.

"उद्या बोलू?"

त्यानं फोन खाली ठेवला आणि पडद्यावर अंगठा टेकवला. अंगठ्याला वार्निश होतं म्हणून यंत्रानं पहिल्यांदा घेतला नाही. त्यानं तो शर्टाला पुसला आणि पुन्हा टेकवला. अर्ज क्रमांक आला. खाली एक ओळ आली, की सदर अर्जदाराच्या खात्यांबाबत वसुलीची कोणतीही कृती आजपासून स्थगित राहील.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला काही झालं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. अठ्ठावीसला जप्तीवाले आलेच नाहीत. पोपट दुकानात येऊन बसला, बळेच चहा पाजला आणि एकदाही थट्टा केली नाही. त्यामुळं नागनाथला जास्तच अवघडल्यासारखं झालं.

पहिले दोन महिने वाईट गेले. हात आपोआप धुतले जात. कधी कधी फोन न वाजताच वाजल्यासारखा वाटे. एकदा तर त्यानं पतसंस्थेच्या साहेबाला विचारलं, की अर्ज मागं घेता येतो का. साहेब त्याच्याकडं बघतच राहिला. मृणालनं ती तीन बोलणी त्याच्या फोनमध्ये टाकून दिली होती. तो रोज एकदा ऐकायचा. गॅसची टाकी, मेथी, भिंतीला सांगितलेलं बरं. परकं वाटणं एकदम गेलं नाही. कधी अर्धं वाक्य ओळखीचं व्हायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा हरवायचं. खोकला मात्र त्याला लवकर आठवला.

न्यायाधिकरणानं नेमलेला माणूस येऊन गेला. महिन्याला चार हजारांचा हप्ता बसला. तो एकाच ठिकाणी भरायचा होता, एक तारखेला, कुणाशी न बोलता. मृणालनं पुढच्या शिक्षणाचा फॉर्म भरला.

दिवाळीनंतर एका दुपारी शेवंता ढवळे नावाची बाई टेम्पोतून गिरणीची मोटार घेऊन आली. पासष्टीची, कपाळभर पीठ. मोटार पार जळाली होती.

"किती दिवस लागतील, दादा? माझं पोट आहे ह्याच्यावर."

"दोन दिवस. बसा, उघडून बघतो."

त्यानं झाकण काढलं. जळक्या वार्निशचा वास सुटला. तो वेढे मोजत होता, तेवढ्यात बाईचा फोन वाजला. तिला ऐकायला कमी यायचं, म्हणून तिनं तो मोठ्या आवाजावर लावला.

"काकू, ऐकताय ना? जेवलात का वेळेवर?"

नागनाथच्या हातातली पक्कड खाली पडली.

"जेवले गं बाई," शेवंताबाई म्हणाली आणि त्याच्याकडं बघून हसली. "कर्जवाल्या कंपनीची पोरगी हाय. लई गोड. माझ्या सुनंला नाही एवढी माया हिला माझी."

"मग काकू, आज थोडं भरता का? पाचशे भरले तरी चालतंय."

स्थगिती त्याच्या खात्यापुरती होती. आवाज कंपनीचा होता. एकोणीस महिने त्याच्यावर घासून तयार झालेला तो आवाज चांगला चालतो, हे त्यांना कळलं होतं. आता तो कुठं कुठं बोलत असेल, किती स्वयंपाकघरांत, किती दुकानांत, कुणास ठाऊक.

"द्या जरा," नागनाथ म्हणाला आणि बाईच्या हातातून फोन घेतला. "उज्ज्वला?"

"आपण कोण बोलताय? शेवंताकाकूंचे घरचे का?" आवाज म्हणाला. ओळख नव्हती. मग तोच मऊपणा आला. "काकूंचं राहिलेलं आपण भराल ना?"

त्याच्या जिभेवर शब्द आलाच होता. इतकी सवय होती, की तो त्याला दातांनी धरावा लागला.

"नाही," नागनाथ म्हणाला.

पलीकडं शांतता झाली. तो फोन कानाला लावून उभा राहिला. नकार ऐकल्यावर काय करायचं हे बहुधा अजून त्या यंत्राला नीट जमत नव्हतं. ती शांतता लांबत गेली. तिच्यात सूर नव्हता, हसणं नव्हतं, काही नव्हतं. आणि ही शांतता नागनाथला नीट ठाऊक होती. टेंभुर्णीच्या लग्नानंतर सोळा दिवस तो हिच्याच शेजारी झोपला होता.

तिकडूनच फोन बंद झाला.

"काय झालं, दादा?" शेवंताबाई घाबरून म्हणाली. "रागावली का पोरगी?"

"तुमचं कर्ज कुणाच्या नावावर आहे, काकू?"

"मालकांनी काढलं होतं. ते गेले औंदा."

"तुम्ही फोनवर भरते म्हणालात?"

"म्हणाले की. नाही कसं म्हणायचं?"

नागनाथनं स्टूल पुसून तिला बसायला दिलं. वेढे मोजायची वही काढली, कोरं पान फाडलं आणि त्यावर मुलाणीबाईंचा नंबर लिहायला घेतला. दोनदा आकडे चुकले. तिसऱ्यांदा त्यानं सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं.